आधी पोट मोकळं, मग ताटात भर, आणि काढणं सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा ७ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), वजन २० किलो, बोलणं मोजक्या शब्दांचं. शी चार-पाच दिवसांनी एकदा होते, ती जाड आणि कडक, आणि मधल्या दिवसांत चड्डीला पातळ डाग लागतात. खाण्यात पांढरा भात, ग्लुकोज बिस्किटं, बटाट्याचे वेफर्स आणि दिवसाला लिटरभर दूध. संध्याकाळी तो सोफ्याच्या हातावर पोट दाबून पडून राहतो, कधी कानशिलात मारून घेतो. ‘गहू आणि दूध आजपासून बंद करा, पोटही सुधारेल आणि ऑटिझमही’ असं कुणीतरी सांगितलंय. करावं का?

ताई, आज काहीही बंद करू नका. मुलगा चारच पदार्थ खातो आणि त्यातले दोन काढले तर उरतात भात आणि वेफर्स. शिवाय तुम्ही जे वर्णन केलंय ते गव्हाच्या त्रासाचं कमी आणि तुंबलेल्या आतड्याचं जास्त वाटतं. त्याला ठरलेली वाट आहे, फक्त तिचा क्रम चुकवून चालत नाही.

चड्डीवरच्या पातळ डागांपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. शी करताना एकदा दुखलं की मूल ती धरून ठेवतं. थांबलेल्या मळातलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, खडा आणखी टणक होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. काही आठवड्यांत गुदाशय ताणून फुगतो आणि ‘लागलीय’ ही जाणीव देणंच सोडतो. मग वरून येणारा पातळ मळ खड्याच्या कडेने झिरपून बाहेर येतो आणि ते मुलाला कळतही नाही. घरात हे जुलाब समजले जातात. फळं बंद होतात, साबुदाण्याची पेज सुरू होते, कधी जुलाब थांबवायचं औषधही दिलं जातं आणि कोंडी पक्की होते. कडक शी आणि पातळ डाग एकाच मुलात आलटून पालटून दिसत असतील, तर आधी बद्धकोष्ठच धरून चाला. डाग लागल्याबद्दल रागावणं तर पूर्ण थांबवा, ते त्याच्या हातात नाही.

पाय घट्ट जोडून चवड्यांवर उभं राहणं, पडद्यामागे जाऊन ताठ होणं, चेहरा लाल होणं, हे बघून ‘बिचारा जोर लावतोय’ असं वाटतं. बहुतेक वेळा तो शी आत ओढून धरत असतो. पोट फर्निचरच्या कडेला दाबणं, जेवणानंतर एकाएकी चिडणं, रात्री दचकून उठणं, स्वतःला मारून घेणं, ही ज्याला ‘पोट दुखतंय’ म्हणता येत नाही त्याची भाषा आहे. २०१० साली तज्ज्ञांच्या गटाने केलेल्या एकमत-निवेदनात हेच ठळकपणे मांडलं गेलं: स्वमग्न मुलाचं वागणं अचानक बिघडलं तर पोटाची तपासणी करा, ‘ऑटिझममुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा या मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या सुमारे चौपट आढळल्या. कारणं बरीचशी अगदी साधी आहेत: मोजकंच खाणं, शरीराच्या आतल्या जाणिवा नीट न कळणं, संडासातल्या आवाज-वासाची भीती, आणि काही औषधं.

आहाराला हात लावण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे एक फेरी करा, कारण सगळी बद्धकोष्ठता भातामुळे नसते. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली होती का, शीत रक्त येतं का (खड्याने चिरलेल्या जागेचा एखादा थेंब वेगळा), वजन घटतंय का, पोट फुगून टणक झालंय का, हिरवी उलटी होते का, चाल बदलली किंवा पायात कमजोरी आली का, कमरेच्या खाली मणक्यावर खड्डा किंवा केसांचा झुपका आहे का, हे सगळं त्यांना सांगा. यातलं काहीही असेल तर वाट वेगळी. नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि सीलिअॅक आजारासाठी (यात गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, सोबत एकूण आयजीए, इतकं एकाच वेळी सुई टोचून करून घ्यावं असं माझं मत आहे. या मुलांना दर महिन्याला टोचणं म्हणजे दवाखान्याची कायमची धास्ती.

आता पहिलं काम, पोट मोकळं करणं. बहुतेक घरं हीच पायरी गाळतात. पेरू, पपई, भाजी, इसबगोल सगळं सुरू करतात आणि पंधरा दिवसांनी म्हणतात, पोट उलट जास्त फुगलं. फुगणारच. पुढचा खडा जागेवर असताना मागून चोथा (अन्नातले न पचणारे तंतू) वाढवला तर नळी आणखी भरते, गॅस होतो, दुखतं, आणि ज्या नव्या पदार्थानंतर दुखलं तो पदार्थ मूल कायमचा नाकारतं.

यासाठी आज सर्वात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, डॉक्टर त्याला ‘पेग’ म्हणतात. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही, पाणी धरून ठेवतं आणि मळ मऊ करतं. खडा काढण्यासाठी दिवसाला किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला २० ते ३० ग्रॅम, ३ ते ६ दिवस, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधली मात्रा आहे. नक्की आकडा आणि दिवस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. विकत घेताना एक गोष्ट बघा. क्षार मिसळलेलं पेग खारट लागतं, साधं पेग जवळजवळ बेचव असतं. चवीला चोखंदळ मुलाला साधं मिळालं तर निम्मी लढाई जिंकली. ते पाण्यात पूर्ण विरघळवून, दिवसभरात चार-पाच भाग करून द्या. आवडत्या दुधात मात्र पहिल्याच दिवशी मिसळू नका. चव बदलल्याचं कळलं तर दूधही हातचं जायचं.

हे घरी, सलग सुट्टी बघून करा, शाळेच्या आठवड्यात नको. पहिले दोन दिवस गळती वाढते आणि इथेच ‘जुलाब लागले’ म्हणून औषध बंद होतं. खडे बाहेर पडून शी पातळ आणि गाठीविरहित होईपर्यंत थांबायचं नसतं. उलट्या सुरू झाल्या, पोट फुगून दुखायला लागलं किंवा मूल काहीच पीत नसेल तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन. एनिमा, साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा एरंडेल लावलेला देठ हे घरगुती उपाय या मुलांत नकोत. तोंडाने दिलेलं पेग जवळपास तितकंच काम करतं आणि गुदद्वाराशी केलेली खटपट धरून ठेवण्याची सवय आणखी घट्ट करते. एरंडेलाने मुरडा येतो, म्हणजे पुन्हा दुखणं आणि पुन्हा धरणं. लिक्विड पॅराफिन तर जे मूल धडपडत, ओकत औषध घेतं त्याला देऊच नये, श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला इजा होते.

मोकळं झाल्यावर औषध लगेच थांबत नाही. रोजची मात्रा सहसा किलोमागे ०.४ ग्रॅमपासून सुरू होते, म्हणजे २० किलोला ८ ग्रॅम, आणि शी बघून वर-खाली होते. ध्येय असं की रोज किंवा एक दिवसाआड शी व्हावी, गुळगुळीत, केळ्यासारखी. ब्रिस्टल तक्त्यात शीचे सात प्रकार चित्रांनी दाखवलेले असतात, त्यातला चौथा. पहिला म्हणजे सुट्या लेंड्या, सातवा म्हणजे नुसतं पाणी. तक्ता छापून संडासाच्या दारावर लावा, कारण ‘बरी झाली’ या शब्दाचा आजीचा, बाबांचा आणि शाळेतल्या मावशींचा अर्थ वेगवेगळा असतो. निदान दोन महिने औषध, आणि तक्रार पूर्ण थांबल्यानंतर आणखी महिनाभर, मग हळूहळू कमी. ताणलेल्या गुदाशयाला मूळ आकारावर यायला काही महिने लागतात. ‘सवय लागेल’ या भीतीने तीन आठवड्यांत बंद केलेलं औषध हे तक्रार परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. पेग मिळत नसेल तर लॅक्ट्युलोज हे शी मऊ करणारं सिरप चालतं. गोड असल्याने काही मुलं आवडीने घेतात, पण गॅस जास्त होतो.

औषधाने पोट सैलावलं की मग दूध. लिटरभर म्हशीचं दूध म्हणजे हजाराच्या आसपास कॅलरी. ७ वर्षांच्या मुलाची निम्म्याहून जास्त भूक तिथेच भागते आणि त्यात चोथा शून्य. लोह जवळजवळ नाही, आणि दुधातलं कॅल्शिअम इतर अन्नातल्या लोहाच्या आड येतं. म्हणून असा मुलगा गुबगुबीत दिसत असूनही फिकट असू शकतो. दिवसाला ४०० ते ५०० मिलि पुरे. एकदम अर्धं करू नका आणि पाणी घालून पातळही करू नका, त्याला ते पहिल्या घोटात कळेल. पेला तोच, जागा तीच, वेळ तीच ठेवून दर तीन-चार दिवसांनी दिवसाच्या एकूण मापातून ५० मिलि कमी करा. दहा टप्प्यांत, पाच-सहा आठवड्यांत तुम्ही ५०० वर याल. झोपतानाचं दूध सगळ्यात शेवटी कमी करा. जेवणाआधीच्या तासाभरातलं दूध सगळ्यात आधी, कारण त्यामुळे ताटासमोर बसताना त्याला भूकच नसते. आणि रात्री कोमट दुधात चमचाभर तूप? तुपाने अपाय नाही, पण एवढ्या तुपाने खडा मऊ होत नाही आणि त्या निमित्ताने आणखी पेलाभर दूध पोटात जातं.

चोथ्याचा हिशेब सोपा आहे. मुलाचं वय अधिक ५, तितके ग्रॅम रोज. तुमच्या मुलाला १२. आत्ता काय जातं बघा: वाटीभर पांढऱ्या भातातून जेमतेम १ ग्रॅम, सहा बिस्किटांतून एकाहून कमी, वेफर्सच्या छोट्या पुड्यातून १ च्या आसपास. दुपार-रात्र धरून ३ ते ४. आता दुसरी बाजू. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चक्कीच्या कणकेत १०० ग्रॅमला साधारण १० ते ११ ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ३ च्या आत. म्हणजे ४० ग्रॅम पिठाची एक भाकरी ४ ग्रॅम देते, छोटी पोळी अडीच, एक केळं २, आणि १०० ग्रॅमचा एक पेरू बियांसकट ८ च्या घरात. पेरू खाणाऱ्या मुलाच्या आईने बाकी काळजी निम्मी सोडावी. वाढवताना आठवड्याला २ ग्रॅमहून जास्त नको, नाहीतर गॅसने पोट दुखेल.

पण हे सगळं तो खाईल तेव्हा! स्वमग्न मुलाचं नखरे करणं आणि साध्या हट्टी मुलाचं नखरे करणं यात फरक आहे. त्याला वेफर्स आवडतात ते बटाट्यासाठी नव्हे. प्रत्येक वेफर सारखा मोडतो, सारखा वाजतो, सारखाच खारट लागतो. पेरूची एक फोड कच्ची, दुसरी मऊ, मध्ये बिया. भाजी तर रोज निराळी. म्हणून नवा पदार्थ जुन्याच्या शेजारून न्यायचा, एका वेळी एकच गुण बदलत. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला धागा वेफर्सचा कुरकुरीतपणा आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रात आयती वस्तू आहे: सोलापूरकडची कडक भाकरी. ज्वारी किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ, वाळवलेली, महिनाभर टिकणारी. तिच्यापर्यंत जाण्याची वाट साधारण अशी.

पहिला आठवडा: तेच वेफर्स, पण पुड्यातून नव्हे, वाटीतून. पुडा हाच त्याच्यासाठी पदार्थाचा अर्धा भाग असतो, ती गाठ आधी सोडवायची. पुढचा आठवडा: त्याच चवीचे दुसऱ्या कंपनीचे वेफर्स, आधी वाटीत दोन, मग अर्धे. मग भाजलेला नाचणीचा किंवा ज्वारीचा पापड, वेफरच्याच आकाराचे तुकडे करून. मग कडक भाकरीचे तसेच तुकडे, तव्यावर पुन्हा गरम करून, तुपाचा हात आणि वेफर्सवर असतं तेवढंच मीठ. प्रत्येक टप्प्यावर ओळखीचे वेफर्स वाटीत असलेच पाहिजेत. टप्पा फसला तर एक पायरी मागे, दोन पायऱ्या नव्हे. बिस्किटांच्या बाबतीतही असंच जाता येतं: ग्लुकोज बिस्किट, मग कणकेचं, मग नाचणीचं, सारख्या आकाराचं आणि सारख्या रंगाच्या जवळपासचं.

भातासाठी वेगळी युक्ती. रंग पांढराच ठेवायचा. एक भाग हातसडीचा तांदूळ आणि नऊ भाग नेहमीचा, वेगळे शिजवून एकत्र करा (हातसडीला जास्त पाणी आणि दोन शिट्ट्या जास्त लागतात, एकत्र लावला तर टणक दाणा दाताखाली येईल आणि खेळ संपेल). पाच-सहा दिवस सुरळीत गेले की दोन भाग. साल काढलेली उडीद डाळ पांढरी असते, तीही चमचाभर मऊ शिजवून चालते. मात्र लपवाछपवी करू नका. वेगळ्या वाटीत ‘नवा भात’ म्हणून दोन चमचे, शेजारी त्याचा नेहमीचा भात. गुपचूप मिसळलेलं सापडलं की या मुलांचा मूळ पदार्थावरचा विश्वास उडतो, आणि चारांचे तीन पदार्थ व्हायला एक दिवस पुरतो.

नवा पदार्थ तोंडात जाण्याआधी बरीच मजल असते. खोलीत असणं, टेबलावर असणं, स्वतःच्या ताटात असणं, हात लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, चावून थुंकणं, आणि मग गिळणं. थुंकायला परवानगी हवी, हाताशी वाटी ठेवा. दिवसातून एकदा, जेवणाच्या वेळी नाही, दहा मिनिटं, गजर लावून. दहा-पंधरा वेळा समोर येऊनही पदार्थ नाकारला गेला तर तो नापास नव्हे, मोजणी चालूच ठेवा. मोबाइल लावून घास सरकवण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण मूल काय खातंय हे त्याला कळतच नाही, शिकणं होत नाही, आणि ठसका लागण्याचा धोका असतो.

पूरक चूर्णांपैकी इसबगोल मराठी घरांत पहिलं आठवतं. त्याला दर चमच्यामागे मोठा पेलाभर पाणी लागतं, नाहीतर ते आत घट्ट गोळा होऊन बसतं. पाणी कमी पिणाऱ्या आणि बुळबुळीत स्पर्श सहन न होणाऱ्या मुलाला ते नकोच. गवारगमपासून केलेलं पूर्ण विरघळणारं चूर्ण मिळतं, त्याला चव-पोत जवळजवळ नसतो. पण तेही पोट मोकळं झाल्यानंतर, आणि अर्ध्या चमच्यापासून. काळे मनुके किंवा सुकं अंजीर भिजवून त्याचं पाणी हा जुना उपाय बरा आहे, पण चोथा अंजिरात असतो, पाण्यात नाही.

पाणी: २० किलोला दिवसभरात सगळं मिळून दीड लिटर, दूध-ताक-सरबत धरून. तेवढं जात असेल तर त्याहून जास्त ओतून शी मऊ होत नाही. ‘पाणी पी’ असं दिवसभर म्हणण्यापेक्षा सहा ठरलेल्या वेळा, प्रत्येक वेळी १५० मिलि, एकच बाटली, रेघ मारलेली. काही मुलं गार आणि स्ट्रॉने पितात, काही फक्त कोमट. जे चालतं ते चालू द्या.

संडासाकडे आहाराइतकंच लक्ष द्या. जेवल्यावर १५ ते ३० मिनिटांत मोठं आतडं आपोआप हलतं, तो निसर्गाचा धक्का वाया घालवू नका. नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, गजर वाजला की उठू द्या, शी झाली नाही तरी. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत, लटकत्या पायांनी जोर लागत नाही. भारतीय पद्धतीचा संडास या बाबतीत उत्तम, फक्त पकडायला दांडी द्या. फ्लश तो बाहेर पडल्यावर ओढा. जेट स्प्रेचं गार पाणी अनेकांना नको असतं, त्याऐवजी कोमट पाण्याचा तांब्या. भिंतीवर क्रमाने चित्रं: चड्डी खाली, बसणं, पुसणं, हात धुणं. बक्षीस बसण्याचं द्या, शी होण्याचं नको. नाहीतर न झालेली शी ही शिक्षा वाटते.

आता गहू आणि दूध. या सल्ल्यामागची कल्पना १९७९ च्या सुमारास पुढे आली: गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसिन अर्धवट पचून अफूसारखे तुकडे तयार होतात, ते मेंदूपर्यंत जातात, वगैरे. कल्पना आकर्षक, पण चाचण्यांत टिकली नाही. २००८ सालच्या कॉक्रेन आढाव्याला (एकाच प्रश्नावरच्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) पुरेसा पुरावा मिळाला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात १४ मुलांना आधी या आहारावर स्थिर केलं, मग कुणालाही कळू न देता गहू-दूध असलेले आणि नसलेले पदार्थ दिले. वागणं, झोप, शी यांत फरक दिसला नाही. अभ्यास छोटा होता हे खरं, पण दावा मोठा असेल तर परिणाम छोट्या गटातही दिसायला हवा होता. किंमत मात्र खरी आहे. २००८ सालच्या एका अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडं अपेक्षेपेक्षा पातळ आढळली, आणि दूध बंद असलेल्यांत हा फरक जास्त होता.

मग हे पदार्थ कधीच काढायचे नाहीत का? काढायचे, कारण सापडलं तर. टीटीजी तपासणी आणि पुढची खात्री सीलिअॅक सांगत असेल तर गहू कायमचा बंद, तिथे तडजोड नाही. म्हणूनच ही तपासणी गहू चालू असतानाच करायची. आधी गहू बंद केला तर रक्ततपासणी खोटी निर्दोष येते आणि पुढे खरं निदान करायला पुन्हा अनेक आठवडे गहू खायला घालावा लागतो. आपल्याकडे सीलिअॅकच्या मुलांचं पथ्य तीन जागी नकळत मोडतं: बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, मुलांच्या ‘शक्तिवर्धक’ पावडरींत जवाचं किंवा गव्हाचं माल्ट असतं, आणि गिरणीत गव्हावर ज्वारी दळली जाते. घरची चक्की किंवा गिरणीतला फक्त ज्वारी-बाजरीचा डबा असेल तरच पीठ निर्धोक.

दुधाचं थोडं वेगळं. औषध नीट देऊनही बद्धकोष्ठ हटत नसेल, सोबत त्वचेवर चट्टे, दमा किंवा घरात अॅलर्जी असेल, तर दुधातल्या प्रथिनाचा त्रास असू शकतो. तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली २ ते ४ आठवडे दूध, दही, पनीर, तूप, दुधाची बिस्किटं सगळं बंद करून बघायचं. त्या काळात दुसरा एकही बदल करायचा नाही, नवी थेरपी नाही, नवं औषध नाही. नोंद शाळेतल्या अशा शिक्षिकेने ठेवावी जिला बदल माहीत नाही. आई-बाबांना सुधारणा दिसतेच, त्यात त्यांचा दोष नाही. शेवटी दूध परत सुरू करून तक्रार परत येते का बघायचं. ही परत सुरू करण्याची पायरी जवळजवळ कुणीच करत नाही आणि मुलं वर्षानुवर्षं उगाच दुधावाचून राहतात. दूध खरंच बंद राहिलं तर या वयाला रोज लागणारं ६५० मिग्रॅ कॅल्शिअम कुठून येणार ते आधी लिहून काढा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, पण १०० ग्रॅम नाचणी हा मुलगा खाणार नाही, तेव्हा पूरक औषध लागेल. दुधाने फक्त गॅस आणि पातळ शी होत असेल तर ते बहुधा लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, प्रकरण, त्यात दही-ताक सहसा चालतं. लॅक्टोज काढलेल्या दुधात केसिन असतंच, ही गल्लत करू नका. ‘१०० पदार्थांची आयजीजी तपासणी’ करून लांबलचक बंदी-यादी हातात देणाऱ्यांपासून लांब राहा. ते प्रतिपिंड बहुतेक वेळा इतकंच सांगतात की मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे.

काही सुट्या गोष्टी. त्याला वागण्यासाठी दिली जाणारी रिस्पेरिडोन किंवा क्लोनिडिन ही औषधं चालू असतील तर त्यांनीही शी घट्ट होते. रिस्पेरिडोनने भूकही वाढते. लोहाच्या सिरपने शी काळी आणि कडक होते, सुरू करताना पेगची मात्रा विचारून घ्या. खडू, माती, रंगाचे पोपडे खात असेल तर लोह आणि रक्तातलं शिसं दोन्ही तपासा. जंताची गोळी १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी शाळेत मिळते, चुकली असेल तर डॉक्टरांकडून घ्या. चारच पदार्थ खाणारं मूल लंगडायला लागलं, पायाला हात लावू देईना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर हाडांच्या डॉक्टरांआधी क जीवनसत्त्वाची आठवण करा. स्कर्व्ही हा पुस्तकातला आजार अशाच मुलांत आजही सापडतो. मोठ्या वयाच्या स्वमग्न व्यक्तींत छातीत जळजळ आणि गॅस जास्त असतो. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, आणि कांदा-लसूण-राजमा आठवडाभर कमी करून बघणं एवढं घरी करता येतं. त्यापुढचा कडक फॉडमॅप आहार (गॅस करणारी कर्बोदकं वगळणारा) मात्र आहारतज्ज्ञाशिवाय नको. ब्लीचसारखं क्लोरिनचं द्रावण, कीलेशन (औषधाने शरीरातले धातू काढणं), परदेशातून मागवलेल्या बुरशीनाशक गोळ्या यांना दारात उभं करू नका. प्रोबायोटिक द्यायचंच असेल तर आठ आठवडे, फरक नसेल तर बंद.

नोंदवहीत रोज पाच रकाने पुरेत: शीचा प्रकार क्रमांक, किती वाजता, डाग लागला का, झोप, आणि स्वतःला मारून घेण्याच्या वेळा. आहार चौथ्या आठवड्यापर्यंत लिहिलाच नाही तरी चालेल, त्याआधी बदलायचा नाहीये. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मारून घेणं कमी झालेलं दिसलं तर ते पोटाचं होतं हे डॉक्टरांना दाखवायला ही वही कामी येते. आणि पुढे कधी ताप, प्रवास, परीक्षा किंवा गणपतीच्या पाहुण्यांच्या गर्दीत दोन दिवस शी झाली नाही, तर पाचव्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली वाढीव मात्रा त्याच रात्री सुरू करा. ती चिठ्ठी पहिल्याच भेटीत मागून घ्या.